चावडी गल्लीचा आग्रह

शेवंताबाई कासार पिशवी उचलून दुकानाबाहेर पडल्या. चार पावलं टाकतात न टाकतात तोच पायाखालची फरशी सरकली आणि तिने त्यांना अलगद परत बांगड्यांच्या काउंटरमागे आणून सोडलं.

चावडी गल्लीच्या या नव्या फरशीला कान होते. बाजारात काय हवं, काय नको हे लोक बोलत, ती ऐके, आणि पुष्कळांच्या तोंडी एकच गोष्ट आली की करून टाके. अशीच बाकं आली, सावली आली, खड्डे बुजले. शेवंताबाई जाणार हे कळल्यावर जो तो त्यांना 'जाऊ नका हो' म्हणाला होता; आता गल्लीला शेवंताबाई हव्या होत्या.

त्यांना कायमचं न्यायला आलेली लेक रोहिणी कोपऱ्यावर गाडीत ताटकळत होती.

"देशमानेभाऊ, एकदा तरी म्हणा, बाई, जा आता," शेवंताबाई काकुळतीला आल्या.

"तोंडावर असं कसं म्हणू?" समोरचे किराणावाले देशमाने ओशाळले. "तुमच्याशिवाय गल्लीला काय शोभा?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. फरशीने शेवंताबाईंची पावलं आणखी घट्ट धरली.

शेवटी रोहिणी तणतणत गल्लीत शिरली.

"अगं, तू येऊ नकोस!" शेवंताबाई ओरडल्या.

पण देशमानेवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्याही होत्या. "किती दिवसांनी आलीस गं! आता राहा की माहेरी."

"हो, हो, राहा!" दारादारांतून आवाज आले.

रोहिणीच्या पायाखालची फरशी हलली. शेवंताबाईंनी काउंटरमागचं दुसरं स्टूल पुसलं.