सत्तावीसच्या पुढे

जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकीचं नाव सांगा, नाहीतर मी माझ्या मनाने ठरवीन, एवढं बोलून मुकादम निघून गेला. वर घड्या घालायचं यंत्र येणार होतं. उद्यापासून खाली दोघीच पुरणार होत्या.

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात, लांब टेबलाभोवती, तिघी उभ्या राहिल्या. टेबलावर ड्रायरमधून काढलेल्या चादरींचा गरम ढीग. खिडकी नव्हतीच. हिवाळ्यात त्या अंधारात यायच्या आणि अंधारात घरी जायच्या. उजेड म्हणजे काय तो डोक्यावरच्या ट्यूबचा.

काकू थोरल्या, गुडघ्यांनी अधू. ताई मधल्या, बोलणं मोजकं. तिसरीची टकळी दिवसभर चालू, म्हणून ती चिमणी.

नाव कुणी काढलं नाही. तिघींच्याही घरची चूल याच चादरींवर पेटत होती. कुणाची गरज मोठी, हे विचारायला कुणाचीच जीभ उचलेना.

मग चिमणी म्हणाली, "खेळूनच ठरवू या ना. जी चुकेल तिचं नाव."

खेळ तिनेच काढलेला. थंडी सुरू झाली तेव्हा, डोळ्यांवरची झापड उडावी म्हणून. घडी घातलेली चादर थप्पीवर ठेवायची आणि आकडा म्हणायचा. पुढचीने पुढचा. सातच्या पाढ्यातला आकडा आला किंवा ज्यात सात आहे असा आला, की तोंड मिटायचं आणि चादरीवर थाप मारायची. जी चुकेल तिने चढण चढून मागच्या अंगणातून मळक्या कपड्यांची गाडी ओढत आणायची.

गाडी रोज काकूच आणायच्या. एकवीसपर्यंत नीट यायच्या आणि सत्तावीसला त्यांचं घोडं पेंड खायचं. सत्तावीस, असं खणखणीत म्हणायच्या. दोघी हसायच्या. तुम्हाला आता सत्तावीसची साडीच घेऊ या काकू, म्हणजे लक्षात राहील, असं चिमणी चिडवायची. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या, शाल गुंडाळून बाहेर पडायच्या. परत यायला वेळ लावायच्या. गुडघा धरला होता, जरा टेकले, म्हणायच्या. येताना शाल हातावर असायची.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवूनच चिमणी बोलली होती. बोलली, आणि चादरीचा न निघालेला डाग नखाने खरवडत राहिली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. नको म्हणायला त्यांचे ओठ विलगल्यासारखे झाले. पण त्यांनी एक चादर उचलली आणि टोकाला टोक जुळवायला घेतलं.

"चालेल की," काकू म्हणाल्या. "नेहमीसारखंच. हिच्यापासून."

एक, ताई.

दोन, चिमणी.

तीन, काकू.

चार. पाच. सहा.

थाप.

आठ. नऊ. दहा. आज हसत कुणी नव्हतं, त्यामुळे खेळ भराभर चालला. अकरा. बारा. तेरा.

थाप. ही चिमणीची. तळहात लाल होईल एवढ्या जोरात.

पंधरा. सोळा.

पुन्हा तिचीच. तिने सुटल्यासारखा श्वास घेतला.

अठरा. एकोणीस. वीस.

काकूंची थाप. चादरीतून बारीक कापूस उडाला आणि ट्यूबखाली तरंगत राहिला.

बावीस. तेवीस. चोवीस.

पंचवीसला ताईंचा आवाज चिरकला.

सव्वीस, चिमणी म्हणाली, आणि तिने ड्रायरकडे तोंड फिरवलं. तिला ते बघायचं नव्हतं.

काकूंनी चादर दुमडली. पुन्हा दुमडली. कडेवर कड बसवली, हाताने सपाट केली, थप्पीवर ठेवली.

थाप.

चिमणीने वळून पाहिलं. ताई चादर धरून तशाच उभ्या.

"अगं, तुझी पाळी," काकू त्यांना म्हणाल्या.

सत्तावीसच्या पुढे त्या कधी गेल्याच नव्हत्या. वेळच आली नव्हती. ताईंनी बोटांवर काहीतरी जुळवलं, पुन्हा जुळवलं, आणि थाप मारली.

एकोणतीस.

तीस, काकू. न अडखळता, पुढची चादर उचलता उचलता.

एकतीस. बत्तीस.

तेहेतीस.

चौतीस.

"पस्तीस," चिमणी म्हणाली.

म्हणाली, आणि हात तोंडावर नेला. ड्रायर घरघरत होता. त्यात कुणाचं तरी बटण काचेवर वाजत होतं, थांबत होतं, पुन्हा वाजत होतं.

ताई खाली वाकून पायाशी न पडलेली चादर शोधायला लागल्या.

"काकू," चिमणीने विचारलं, "मग तुम्ही रोज..."

काकूंनी हातातली घडी पुरी केली. खुंटीवरची शाल काढून तिच्या खांद्यांभोवती घातली, गळ्याशी नीट खोचली, शाळेला निघालेल्या लेकीला खोचतात तशी.

"जा, गाडी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि गेटापाशी थांबू नकोस. पाण्याच्या टाकीमागे जा, भिंतीला पाठ लावून उभी राहा. या वेळेला तिथे थोडं ऊन येतं."