खोलीचं तापमान

"हा धरा मावशी. आणि हा." दुकानवाल्या रेश्मानं दोन्ही पंप संजीवनीबाईंच्या तळहातांवर ठेवले. मुठीत मावतील एवढे. एक बसका, एक चौकोनी. बारामतीच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात भिंतभर काचेच्या पेट्या होत्या. त्यांच्यात जांभळे दिवे लागले होते. बाई मात्र तळहातांकडेच बघत राहिल्या.

"ह्यो एवढुसा पाणी चढवतो?"

"चढवत नाही, फिरवतो," त्यांचा मुलगा ज्ञानेश म्हणाला. "कॉम्प्युटर तापला की पाणी ती उष्णता घेऊन रेडिएटरला जातं. तिथं पंखे वारा घालतात. गार झालं की परत येतं."

"म्हंजे ट्रॅक्टरच की रं."

रेश्मा मोठ्यानं हसली. "मावशी, हे मला गिऱ्हाइकाला सांगायला अर्धा तास लागतो!"

पंप संजीवनीबाईंना नवा नव्हता. नवरा गेला तेव्हा ज्ञानेश सहा वर्षांचा होता. तेव्हापासून निरवांगी गावातल्या आपल्या विहिरीवरची मोटर त्यांनीच चालवली. मोटरनं हवा धरली की ते त्यांना स्वयंपाकघरात आवाजावरून कळायचं. हातातलं पीठ तसंच ठेवून त्या मोटरीत पाणी ओतायला कळशी घेऊन विहिरीवर जायच्या. त्याच पाण्यावर ज्ञानेश शिकला आणि ॲनिमेशनच्या कामाला पुण्याला गेला.

मग बारा वर्षं घरात त्या एकट्या. एकट्या माणसाला बोलायचं कारण पडत नाही. त्यांचा आवाज बारीक होत गेला. आठ महिन्यांपूर्वी कंपनीनं घरून काम करायला सांगितलं आणि ज्ञानेश कॉम्प्युटरचे दोन मोठे पडदे घेऊन गावी आला. पत्र्याच्या खोलीत त्यानं टेबल मांडलं. पहिल्या दिवशी "जेवायला ये रं" म्हणून हाक मारताना बाईंचा आवाज फाटला होता. आता ती हाक पार रस्त्यापर्यंत जाई.

"आता इथंच राहणार ना?" हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. दुसरंच काही ऐकायला मिळालं तर, ही भीती होती.

गेल्या आठवड्यात न विचारता उत्तर मिळालं. कॉम्प्युटरला पाण्याची लाइन टाकून घेणार आहे, असं ज्ञानेश म्हणाला. लाइन! त्यांच्या भावकीत पाइपलाइन टाकून गाव सोडलेला माणूस नव्हता. चुलतदीर सर्जेराव मुंबईच्या नोकरीवर निघाले होते. बोअरला पाणी लागलं, रानात पाइप गाडले, आणि ते जन्मभर बांधावरच राहिले. बाईंनी कपाटातलं हिरवं लुगडं काढलं. "मीबी येते बारामतीला," म्हणाल्या. नवी मोटर बसणार म्हणून पिशवीत नारळही घेतला.

"नारळ इथं नको हं मावशी," रेश्मा म्हणाली. "सगळ्या पेट्यांवर पाणी उडेल."

"घरी फोडीन. तू आधी चालू करून दाव."

रेश्मानं पाण्याच्या डब्याला जोडून दोन्ही पंप चालवले. बाईंनी डोळे मिटून एकेकावर हात ठेवला.

"बसका घ्या. ह्यो गुमान काम करतो. त्यो दुसरा नुसता धडपडतोय. आन् टाकी पंपाच्या वर ठेवा. खाली ठिवली तर हवा धरंल."

"ज्ञानेशदादा, यांना मी कामावर ठेवते!"

"मग मला कोण जेवायला घालणार?" ज्ञानेश हसला. "बसकाच द्या. आईनं पास केलाय."

बाईंनी पदर सावरला. इतक्या वर्षांनी लेकाला त्यांना येणारं काहीतरी उपयोगी पडलं होतं.

मग पंखे आले. काही रुंद पात्यांचे, जोरात फिरणारे. काही सावकाश फिरणारे, आवाज न करणारे. रेश्मानं कागद पुढं ओढला. "पंखे कोणते आणि किती, हे एका आकड्यावर ठरतं. उन्हाळ्यात खोलीचं तापमान किती असतं? जास्तीत जास्त?"

"त्रेचाळीस," ज्ञानेशनं तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या. "पत्र्याची खोली हाय. वैशाखात भिंतीला हात लावायची सोय न्हाय. धूळबी लय. उसाच्या ट्रॉल्या दारावरनंच जात्यात. रुंद पात्याचे दे. धा वर्षं बघाय नको."

रेश्मानं त्रेचाळीस लिहिलं.

"अठरा धरा," ज्ञानेश म्हणाला.

बाईंना हसू आलं. "अठरा? आरं, आपल्याकडं पौषात दुपारचंबी अठरा नसतं. पोरीची थट्टा करतो व्हय?"

ज्ञानेश हसला नाही. त्यानं सावकाश फिरणारा एक पंखा उचलला आणि बोटानं त्याचं पातं ढकललं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

"आई, कंपनीचं नवं ऑफिस पार उत्तरेला, डोंगरावर आहे. तिथं वैशाखातसुद्धा अठराच असतं," तो पंख्याकडं बघत म्हणाला. "सांगणारच होतो. पुढच्या महिन्यात तिथं राहायला बोलावलंय."

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. बाईंनी बसका पंप हातात घेतला होता, तो हळूच काउंटरवर ठेवला.

रेश्मा दोघांकडं बघत होती. पेन कागदावर टेकलेलं होतं. "मावशी," तिनं हलक्या आवाजात विचारलं, "मग किती धरू?"

संजीवनीबाईंनी वाकून तो कागद पाहिला. आपण सांगितलेल्या त्रेचाळीसवर बोट ठेवलं.

"हे खोड, पोरी. अठरा लिही. तिथं ऱ्हाणार त्यो हाय."