घडीपलीकडची शेपटी

विकायला ठेवलेली आपली भेटकार्डं परत न्यायला ती मोठी पिशवी घेऊन आली, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानात एक माणूस नेमका तिच्याच कार्डांपुढे उभा होता.

ती दारातच थबकली. लेकीला तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं. गल्ल्यामागून दुकानदारकाकांनी तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. त्यांचा शब्द सरळ होता. "ताई, आठवडाभर ठेवून बघू. कुणी उचलली नाहीत, तर तुम्ही उचला." आज आठवडा सरत होता आणि एकही कार्ड हललं नव्हतं.

"मोठी पिशवी ने," सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या. "आलीस की टेबल पुसून घेऊ." त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तिचे कागद, रंग आणि डिंक जेवणाच्या टेबलावर पसरल्यापासून घरातली सगळी माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती. सासऱ्यांनी दोनदा अंगावर सांडून घेतलं, पण चकार शब्द काढला नाही.

माणसानं चष्मा कपाळावर चढवला. होडीचं कार्ड उचललं, ठेवलं. फुलं उचलली, ठेवली. मग मागं हात घालून त्यानं मांजर बाहेर काढलं. नेमकं तेच निघायचं होतं. चित्र काढताना कागद घडी न घालताच समोर घेतला होता. तोंड फिरवून बसलेलं मांजर छान उतरलं, आणि घडी घातल्यावर शेपटी मागच्या बाजूला गेली. जाड कागद टाकवेना, म्हणून तिनं ते गठ्ठ्यात सगळ्यात मागं सरकवून दिलं होतं.

"माऊ," लेक म्हणाली. "आईची मा..."

तिनं चटकन लेकीच्या तोंडात बिस्कीट दिलं.

"अहो, तुम्हीच सांगा." माणूस तिच्याकडेच वळला. त्याच्या एका हातात मांजर होतं, दुसऱ्यात छापील, चकचकीत गुलाब. "बहिणीला पाठवायचंय. आमचं भांडण झालंय. म्हणजे मी भांडलो नाही, ती भांडली."

"मी काय सांगणार?"

"हे जरा घरी केल्यासारखं वाटतंय."

"वाटतंय खरं."

"मग गुलाबच बरा, नाही का?"

"माझंच आहे हो ते," एवढं म्हटलं असतं तरी त्यानं मांजर घेतलं असतं. कडेवर मूल असलेल्या बाईला तोंडावर नाही कोण म्हणतं? पण भिडेखातर खपलेलं कार्ड तिला नको होतं. त्यापेक्षा भरलेली पिशवी परवडली.

"गुलाबही चांगला आहे," ती म्हणाली.

दुकानदारकाकांनी कपाळावर हात मारून घेतला.

माणसानं मान हलवली आणि मांजर परत ठेवता ठेवता किंमत बघायला म्हणून उलटं केलं. तिथंच थांबला. मागच्या कोऱ्या बाजूवर नुसती शेपटी होती, टोकाला वळलेली, एका बोटानं कुणी जवळ बोलवावं तशी. त्यानं कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पुन्हा पुढून पाहिलं. मग एकटाच हसायला लागला.

"पुढून तोंड फिरवायचं, आणि मागून 'ये की' म्हणायचं. अहो, ही आमची थोरलीच आहे." त्यानं गुलाब दिसेल त्या खणात खोचून दिला. "काका, हिला चांगलंसं पाकीट द्या. कुणी काढलंय हो हे? माणूस खट्याळ दिसतोय."

"असेल कुणीतरी," दुकानदारकाका छताकडे बघत म्हणाले.

तो रस्त्याला लागला न लागला तोच लेकीनं भोकाड पसरलं. "काकांनी माऊ नेली!"

"नेली गं," ती म्हणाली. "खरंच नेली." लेकीचे डोळे पुसताना तिचं हसू काही केल्या आवरेना.

"ताई, तुम्ही तर आलेलं गिऱ्हाईक हाकलायलाच निघाला होता," म्हणत दुकानदारकाका पुढं आले. उरलेली कार्डं त्यांनी एकेक करून उलटी केली. होडी, फुलं, पक्षी. "बाकीच्यांना मागे शेपट्या का नाहीत?"

ती चूक झाली होती, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"पुढच्या खेपेला सगळ्यांना असेल काहीतरी."

"होडीला कुठून आणाल शेपटी?"

"होडीला दोर असतो ना, काका. पुढं होडी वाऱ्यावर निघालेली, आणि मागं दोर खुंटीला."

काकांनी होडी पुन्हा उलटून पाहिली, जणू दोर आताच दिसेल. मग छापील गुलाबांचा एक खण रिकामा केला. "हाही घ्या. पण लवकर आणा."

बाहेर आल्यावर तिनं रिकाम्या पिशवीची घडी घालून पर्समध्ये कोंबली. तेवढ्यात सासूबाईंचाच फोन आला.

"पिशवी जड झाली असेल तर ह्यांना पाठवू का?"

"आई, पिशवी रिकामी आहे." तिला वाटलं होतं आवाज साधा निघेल. तो निघाला नाही. "टेबल पुसू नका."

पलीकडून भांड्याचा आवाज आला.

"पुसतंय कोण? ह्यांचं ताट मी मघाशीच मांडीवर दिलंय. या खेपेला खाली टॉवेल घालून."