घोटभर पाणी

फुमिएने ताटलीतला लगदा चॉपस्टिकने उचकून बघितला. नूडल्स फुगून गांडुळांसारख्या एकमेकींत गुंतल्या होत्या. कोबीचं पोतेरं झालं होतं. तळाशी सॉसचं काळपट पाणी साचलं होतं आणि त्यावर डुकराच्या चरबीचे पांढरे ठिपके तरंगत होते.

"पाणी किती घातलंत?" ती जवळजवळ ओरडलीच. निवृत्त झाल्यापासून तिच्या नवऱ्याला, शिगेहारूला, कमी ऐकू यायचं.

"पाकिटावर लिहिलंय की, पाणी घाला म्हणून."

"घोटभर, अहो. नूडल्स सुटण्यापुरतं. याकिसोबा परतायचा असतो, उकडायचा नाही."

त्याने मान डोलावली, दोन घास कसेबसे गिळले, चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि चकचक आवाज करत दात चोखत बसला. दर शनिवारी हेच. स्वतःच्या हातचं याच्याही घशाखाली उतरत नाही, आणि मला मात्र ताटलीभर वाढतो, असं तिच्या मनात आलं. तिला त्याची शिसारी आली.

जन्मभर या माणसाने चहाची किटलीसुद्धा उचलली नव्हती. निवृत्त नवरा म्हणजे बुटाला चिकटलेलं ओलं पान, असं बायका आपसात म्हणत. झटकलं तरी सुटत नाही. फुमिएला ते सोडवायचं होतं. कुराशिकी शहरात धाकट्या बहिणीची, यासुएची, माडीवरची खोली रिकामी होती. पण पोटाला करून खाता न येणाऱ्या म्हाताऱ्याला टाकून गेली, हा बोल तिला नको होता, आणि खरं तर तिचं मनही ते घेत नव्हतं. म्हणून तिने ठरवलं होतं की, याने धड एक ताटली याकिसोबा केला की दुसऱ्या दिवशी आपण निघायचं. पोरंटोरंही करतात तो.

यासुएचा फोन आला की ती हे सगळं मोकळेपणी बोलायची. शिगेहारू शेजारीच पेपर वाचत असायचा, पण त्या कानांची कसली भीती.

"ताई, नव्या वर्षात मी खोली भाड्याने देणार," यासुएने अखेर बजावलं. "भावजी जन्मात शिकायचे नाहीत."

"दोरीने दगडालाही खाच पडते गं," फुमिए म्हणाली. "हा शनिवार बघू दे."

वर्षाचा तो शेवटचा शनिवार. तिने कोबी चिरून दिला, मांसाच्या पट्ट्या काढून दिल्या, तवा कडकडीत तापवा म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. शिगेहारू नेहमीसारखाच म्हणाला, "तू जा बाहेर. कुणी बघत असलं की माझा हात चालत नाही."

ती वरून घालायचं लाल आलं आणायला निघाली. खाली फाटकाशी शेजारच्या कुवाबाराबाई भेटल्या. सकाळीच घराला कुलूप लावून त्या मुलीकडे गेल्या होत्या आणि आत्ता परतत होत्या. दर शनिवारी जिन्यात त्यांच्या घरचा खमंग वास दरवळायचा आणि दुकानातून परतताना फुमिएच्या तोंडाला पाणी सुटायचं. वर गेल्यावर आपल्या पुढ्यात काय येणार ते आठवून ती बाईंवर मनातल्या मनात जळायची.

दोन शब्द बोलून ती पुढे निघाली, तोच पैशांचं पाकीट घरी राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. कुवाबाराबाईंना फाटकाशीच टपाल चाळत सोडून ती माघारी वळली.

जिन्यात तोच वास होता. कुवाबाराबाईंच्या दाराला कुलूप तसंच होतं.

फुमिएने आपलं दार हळूच उघडलं. शिगेहारू पाठमोरा उभा होता. दोन उलथण्यांनी तो नूडल्स झपझप वरखाली करत होता. नूडल्सच्या कडा तांबूस कुरकुरीत झाल्या होत्या, कोबी अजून हिरवा होता. जमलं एकदाचं. यासुएला आत्ताच फोन करावा असं तिला वाटलं.

त्याने अर्धा याकिसोबा ताटलीत घेतला आणि उभ्याउभ्याच मिटक्या मारत संपवला. कपाटावर रेडिओ चालू होता, इतका बारीक की दारातून तिला एक शब्द कळेना. त्यातल्या कुठल्याशा विनोदावर तो गालातल्या गालात हसला.

मग त्याने किटली उचलली आणि तव्यावर उरलेल्या तिच्या वाट्याच्या नूडल्सवर रिकामी केली.