घरनंबर

भोरच्या प्रशिक्षण वर्गात शिरगणतीचा सराव होता. सरांनी वेल्ह्याकडच्या एका गावाची दोन पुडकी दिली. एकात घरांची कार्डं, दुसऱ्यात माणसांची. दोन्ही घरनंबरावरून जुळवायची.

"ज्या माणसाचा घरनंबर घरांच्या पुडक्यात सापडणार नाही, त्याचं कार्ड चुकीचं. बाजूला काढा."

रतननं एक्केचाळीस कार्डं बाजूला काढली.

"एवढ्या चुका?"

"घरं धरणात गेली, सर. म्हून त्यांची कार्डं न्हाईत. मानसं हायेत."

"तुला काय माहीत?"

तिनं सगळ्यात वरचं कार्ड पुढं सरकवलं. त्यावर तिचंच नाव होतं.

सरांनी ते वाचलं, परत त्याच चुकीच्या कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि तिच्या वहीत दहापैकी दहा गुण दिले.