चौदाचा दाब

"तुम्ही मशीन लावतच नाही," डॉक्टर म्हणाले. मान वर केली नाही. "रोजची सरासरी दोन तास चार मिनिटं. मशीन खोटं बोलत नाही."

म्हणजे ड्रायव्हर खोटं बोलतो. सत्तावीस वर्षं त्याने बस चालवली होती. एक सिग्नल तोडला नव्हता, एक थांबा चुकवला नव्हता. डेपोच्या तपासणीत झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला आणि हातातलं स्टिअरिंग गेलं. गेले तीन महिने तो हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसून लोकांना त्यांच्या विसरलेल्या छत्र्या परत देत होता. आज डॉक्टरांनी डेपोच्या फॉर्मवर 'उपचार व्यवस्थित चालू' असं लिहिलं तर बस परत मिळणार होती. नाहीतर निवृत्तीपर्यंत छत्र्या.

"लावतात हो डॉक्टर," शेजारून बायको म्हणाली. ती कपडे शिवायची. मांडीवरच्या पिशवीत ते मशीन होतं, झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं. मास्कचे पट्टे गालाला काचतात म्हणून तिने त्यांना आतून मऊ अस्तरही लावलं होतं. "रोज दहाच्या ठोक्याला लावतात. पण तुमच्या त्या चौदाच्या दाबाने हवा इतक्या जोरात येते की मास्क फुरफुरत गालावरून सुटतो. डोळ्यांत वारा, पोटात वारा. शेवटी झोपेतच काढून टाकतात. लोकांच्या नाकी नऊ येतात, यांच्या चौदा आलेत! जरा कमी करून बघा ना तो दाब."

"चौदा हा आकडा मला स्वप्नात पडलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "आमच्या लॅबमध्ये रात्रभर दाब थोडा थोडा वाढवत काढलाय. चौदावर एकदाही श्वास अडकला नाही. तिथे जमतं आणि घरी जमत नाही, याचा अर्थ काय?"

अर्थ त्यांनीच काढला. फॉर्म पुढे ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'रुग्ण सूचना पाळत नाही.'

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस सूचना पाळत नाही? बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलंय म्हणून खोकल्याचं औषध घड्याळ लावून हलवणारा हा माणूस? त्याच्या आयुष्याचा निकाल चार शब्दांत लागत होता, आणि तोही न विचारता.

"अगं, राहू दे," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

तिने राहू दिलं नाही. टेबलावरचा लॅबचा रिपोर्ट तिने सरळ आपल्याकडे वळवून घेतला. डॉक्टरांनी पहिल्या पानावरचा ठळक चौदा तेवढा पाहिला होता. ही मापं घेणारी बाई. एकही रकाना सोडायची सवय तिला नव्हती. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे 'सुपाइन शंभर टक्के' म्हणजे काय हो?"

"उताणं झोपणं. त्या रात्री हे पूर्ण वेळ पाठीवर झोपले होते."

"हे? उताणे?" ती हसली, पण तिला हसू आलं नव्हतं. "डॉक्टर, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे उताणे झाले की घोरायला लागतात. मग मी कोपर मारते. मग हे डाव्या कुशीवर वळतात आणि गप झोपतात. सव्वीस वर्षं माझं कोपर हेच यांचं मशीन! आता मास्क लावूनही कुशीवरच झोपतात. तुम्ही माप घेतलंत उताण्या माणसाचं आणि घातलंत कुशीवरच्याला. मी असं बेतलं तर गिऱ्हाईक कपडे माझ्या तोंडावर फेकेल. वर मी त्यालाच म्हणू का, की तुझं अंग चुकलंय?"

डॉक्टरांनी तिसरं पान वाचलं. बहुधा पहिल्यांदाच. त्यांचे कान लाल झाले.

"कुशीवर पुष्कळांना कमी दाब पुरतो," ते पुटपुटले. "पुन्हा तपासायला हवं." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मोठ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला चूक गिळणं जड जातं. ते ड्रायव्हरवर उखडले. "पण तुम्हाला रात्रभर उताणं झोपायला सांगितलं होतं कोणी? घरी झोपता तसं झोपायचं ना! स्वतः घोळ घालायचा आणि मग आमच्या नावाने ओरडायचं. शेरा आहे तो बरोबर आहे."

आता ड्रायव्हर हलला. शर्टाच्या खिशातून त्याने लायसन्स काढलं. लायसन्सच्या मागे घडी घालून ठेवलेला एक कागद होता. लॅबमध्ये झोपायला गेला त्या संध्याकाळी दारातच मिळालेला. असले कागद तो टाकून देत नसे. त्याने घडी उलगडली, हाताने कागद सरळ केला आणि डॉक्टरांच्या फॉर्मशेजारी ठेवला.

पहिलीच ओळ होती : 'रात्रभर उताणे झोपावे. कुशीवर वळू नये, अंगाला लावलेल्या तारा निघतात.'

झोपेत चुकून वळू नये म्हणून त्या रात्री त्याने दोन्ही हात गादीखाली खोचले होते. खांदे दोन दिवस दुखत होते. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांची नजर ओळीओळीने कागदाच्या तळाशी गेली आणि तिथेच थांबली. तिथे त्यांचीच सही होती.

"मी सूचना पाळली, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "आता तो शेरा खोडा."