पायडल

"आता मशीन काय माझा बाप चालवणार?" प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून दिगूमास्तर टेलर कडाडले. त्यांच्या स्कूटरला रामलिंगच्या टेम्पोनं उडवलं होतं आणि टेम्पोचा विमा संपून वर्ष झालेलं. भरपाई कुठून मिळणार? रामलिंग मान खाली घालून म्हणाला, "मी चालवतो, मास्तर."

टेम्पो घरीच ठेवून तो रोज दुकानात यायचा, खाली बसून हातानं पायडल मारायचा. वर मास्तर शिवायचे, शिव्या द्यायचे, अर्धी भाकरी पुढं सरकवायचे. प्लास्टर निघालं, तरी 'पाय दुखतोय' हे त्यांचं चालूच राहिलं.

एक दिवस रामलिंगनं कागद पुढं धरला. "विमा काढला, मास्तर."

मास्तरांनी चष्मा लावून तारखेसकट सगळं वाचलं. मग पाय पायडलवर टेकवून मशीन सुरू केलं.

"जा, टेम्पो काढ. पाय कधीचाच बरा झालाय. बिनविम्याचा रस्त्यावर सोडतोय होय तुला?"